धागा नसलेली गाठ

शलाका गायधनी घाबरट आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांत आधी ते तिचं तिलाच माहीत होतं. घरातून निघताना ती गॅसचा खटका बघायची, खाली पार्किंगपर्यंत जाऊन पुन्हा वर यायची आणि तोच खटका पुन्हा बघायची. पाळणाघराच्या बाईंना रोज बजावायची, "पालथी झोपली तर उताणी करा हं." बाई म्हणायच्या, "मॅडम, तुमची लेक आता उभं राहून मला टाळ्या देते. तिला उताणी करायला गेले तर चावेल."

पण शलाकाच्या डोळ्यांपुढची मिहू वेगळी होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेली, काचेच्या पेटीतली, तळहाताएवढ्या छातीची. ती छाती मध्येच थांबायची. नर्स यायची, पाठीवरून बोट फिरवायची, आणि छाती पुन्हा हलू लागायची. वेळेआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेंदूतला श्वासाचा भाग अजून तयार व्हायचा असतो. कुणीतरी आठवण करून द्यावी लागते, एवढंच. त्या 'एवढंच'ने शलाकाची झोप जी उडाली, ती मिहू चालायला लागली तरी परत आली नव्हती.

ती ज्या कंपनीत काम करायची तिचं कामही हेच होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दुमजली इमारतीत 'दुपटं' तयार व्हायचं. दिसायला साधं मऊ सुती दुपटं. पण विणीत केसासारखे संवेदक, आणि कडेला काडेपेटीएवढी डबी. बाळाला त्यात गुंडाळलं की डबी श्वास मोजायची, अंगाची ऊब मोजायची, आणि काही बिनसलं तर आईच्या फोनवर हाका मारायची. मिहू स्वतः अशाच एका दुपट्यात वाढली होती.

त्या वर्षी कंपनीत 'तंतू' आला.

डबीतला प्रोग्रॅम टाइपस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेला होता. एके काळी ही भाषा वेबसाइटींपुरतीच होती. आता एवढ्याशा डबीतही तीच चालायची. दहाएक वर्षांत कितीतरी हातांनी लिहिलेला तो कोड इतका माजला होता की तो सबंध कुणालाच कळत नव्हता. तंतू हे त्यावरचं औषध. तो सगळ्या फायली वाचायचा आणि त्यांचं एक जाळं विणून ठेवायचा. प्रत्येक काम, म्हणजे प्रत्येक फंक्शन, ही एक गाठ. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, की दोन गाठींमध्ये एक धागा. हे जाळं ज्या भांडारात राहायचं त्यात रकाने नव्हते, ओळी नव्हत्या. होती ती फक्त नाती. मग त्याला काहीही विचारता यायचं. ही गाठ ओढली तर कुठं कुठं हलेल? ताप मोजणाऱ्या गाठीवर कोण कोण अवलंबून आहे? आणि, जिच्याकडे एकही धागा येत नाही अशी गाठ कोणती?

हा शेवटचा प्रश्न आता महत्त्वाचा झाला होता. नवा नियमच तसा आला होता. शरीराला लागणाऱ्या कोणत्याही यंत्रात, कशासाठी आहे ते सांगता येत नाही असा कोड ठेवायचा नाही. तंतूसारख्या यंत्राचं जाळं दाखवा, बिनधाग्याच्या गाठी काढून टाका, मगच परवानगी. नियम चांगला होता. शलाकाने तो वाचला तेव्हा तिला फार दिवसांनी बरं वाटलं होतं. आपल्या भीतीला कुणीतरी कायद्याचं रूप दिलं, असं.

काढायच्या गाठींवर शेवटचा होकार माणसाने द्यायचा होता. मुळीक सरांनी ते काम शलाकाला दिलं. "तूच कर. तुझ्या नजरेतून सुटलं तर देवाच्याही सुटेल," ते म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरून प्रथमेश खो खो हसला. ऑफिसात 'शलाकाची शंका' हा शब्द रूढ झाला होता. बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून तिने दोनदा नवी आवृत्ती अडवली होती, आणि दोन्ही वेळा काहीच निघालं नव्हतं.

शेकडो गाठी तिने एकेक करून पाहिल्या. बहुतेक खरोखरच मेलेल्या होत्या. कुणीतरी करून पाहिलेले प्रयोग, बंद झालेल्या भाषांची भाषांतरं, वाढदिवसाचा एक विसरलेला विनोद. ती 'काढा' म्हणत गेली, आणि शेवटी एका गाठीपाशी थांबली.

गाठीचं नाव होतं 'थोपट'. लिहिणारी, वासंती पिंगळे.

वासंतीताई! शलाका नोकरीला लागली तेव्हा तिला कोड लिहायला शिकवणारी बाई. कंपनीतली पहिली इंजिनियर. मिहू पेटीत होती तेव्हा ताई हॉस्पिटलच्या बाकावर शलाकाशेजारी बसून राहायच्या, शलाकाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू थोपटत राहायच्या. दोनदा सावकाश, मग जरा थांबून एकदा.

शलाकाने फंक्शन उघडलं. छोटंसंच होतं. बाळाच्या पाठीमागे विणलेल्या तारांमधून एक हलका दाब द्यायचा, ठरावीक लयीत, श्वास परत येईपर्यंत. मिहूच्या नर्सचं बोट जे करायचं तेच. पण सगळ्या कोडमध्ये त्याला बोलावणारं कुणीच नव्हतं. तंतूने काढलेल्या चित्रात ती गाठ जाळ्याबाहेर, कोपऱ्यात, एकटी होती.

मुळीक सर म्हणाले, "असेल काहीतरी जुनं. मग फोनवाली हाक आली, आणि हे मागे पडलं. शलाका, हे सगळं गेलं ना की कोड लहान चिपमध्ये मावतो. म्हणजे दुपटं इतकं स्वस्त होतं की तालुक्यातालुक्यातली सरकारी रुग्णालयं ते फुकट वाटू शकतील. आज ते कुणाकडे आहे? गंगापूर रोडवरच्या बंगल्यांतल्या बाळांकडे."

हेही खरंच होतं.

"मी एकदा ताईंना विचारून येते," शलाका म्हणाली.

सर म्हणाले, "जा ना. भेटून ये. पण विचारून काय..." आणि त्यांनी वाक्य तसंच सोडलं.

*

वासंतीताई नोकरी सोडून घरी बसल्या होत्या, कारण त्यांना आठवेनासं झालं होतं. आधी शब्द गेले, मग रस्ते गेले. दार त्यांचे यजमान, अनंतकाकांनी उघडलं. आत ताई सोफ्यावर बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, समोर टीपॉयवर रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या.

"ओळखलं का कोण आलंय?" काकांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं?" ताई म्हणाल्या, आणि शलाकाकडे बघून मनापासून हसल्या. नाव मात्र घेतलं नाही. शलाकाच्या कडेवरच्या मिहूला बघून त्यांनी हात पुढे केले. मिहू अनोळखी माणसाकडे कधी जायची नाही. ती गेली, आणि मांडीवर बसून बाटल्यांकडे झेपावू लागली.

"त्या नको ग, लागतात त्या," ताई म्हणाल्या.

काका हळूच शलाकाला म्हणाले, "काही टाकू देत नाही. बाटल्या, पिशव्या, जुनी कॅलेंडरं. काहीही उचललं की म्हणते, टाकू नका, लागेल. परवा दुधाच्या पिशवीवरून रडली."

शलाका ताईंच्या शेजारी बसली. "ताई, दुपट्याच्या कोडमध्ये तुम्ही एक फंक्शन लिहिलं होतं. थोपट नावाचं. आठवतं?"

ताईंचा चेहरा बदलला. त्या सरसावून बसल्या; पूर्वी कोड तपासायला बसायच्या तशा.

"ती आहे ना?"

"आहे. पण तिला कुणी बोलवत नाही, ताई. काढून टाकायचं म्हणतायत."

"छे! काढू नकोस. बोलवतात तिला."

"कोण बोलवतं? कुठल्या फाइलमधून?"

ताईंनी तोंड उघडलं. काहीतरी ओठांशी आलेलं शलाकाने स्पष्ट पाहिलं. मग ते मागे गेलं. ताई त्याच्या मागे मागे गेल्या, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. "घरात कोणी नसलं ना... म्हणजे कोणी नसलं, की मग ते... ते बाहेरून येतं. नाव येतं." त्या थांबल्या. "फाइल नाहीये ती."

"फाइल नाही? मग?"

"अगं, सांगते ना! घाई नको करूस!" त्या एकदम चिडल्या. मिहू दचकली, तिने ओठ काढले. ताईंचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. दोनदा सावकाश, मग जरा थांबून एकदा. मिहू शांत झाली. आणि ताईंनाही आपण काय सांगत होतो त्याचा विसर पडला.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "टाकू नकोस हं," म्हणाल्या. "लागेल."

अनंतकाकांनी शलाकाकडे बघितलं. त्या नजरेत, बघितलंस ना, एवढंच होतं.

*

"मग काय ठरवलंस?" निनादने विचारलं. निनाद तिचा नवरा. दिंडोरीजवळच्या वायनरीत केमिस्ट होता. ओट्याशी उभा राहून तो मिहूची पेज ढवळत होता.

"काही नाही. डबीकडून आलेल्या सगळ्या नोंदी काढल्या. दोन वर्षांत एकदाही ते फंक्शन चाललेलं नाही. एकदाही नाही, निनाद. तंतूला वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. धागा नाही म्हणजे नाही."

"मग अडलंय कुठं?"

"ताई म्हणाल्या लागेल."

"शलू, त्या दुधाच्या पिशवीलाही तेच म्हणतात, तूच सांगितलंस आत्ता." त्याने गॅस बंद केला. तिने खटक्याकडे पाहिलेलं त्याच्या लक्षात आलं. "बंद केलाय. बघ, हवं तर हात लावून बघ. अगं, तुला सगळ्याचीच भीती वाटते, मग खरी भीती कुठली ते कळणार कसं? एकदा तरी समोर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेव."

तो कळवळून बोलत होता. तिला लागलं, कारण ते खरं वाटलं. ती जिच्याकडे जायची ती काउन्सेलरही हेच म्हणायची: भीती वाटली की पुरावा मागा. पुरावा सगळा एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला होती एक आजारी बाई, आणि शलाकाची ती नेहमीची भीती, जिने आजवर प्रत्येक वेळी खोटंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने 'काढा' म्हटलं. जाळ्याच्या कोपऱ्यातला ठिपका विझला. प्रथमेशने टाळ्या वाजवल्या. "शलाकाची शंका मिटली! पेढे!" ती हसली. त्या संध्याकाळी तिने गॅसचा खटका एकदाच पाहिला.

*

परवानगी मिळाली. लहान चिप आली. पावसाळा संपता संपता नवी दुपटी पेठ, सुरगाणा, हरसूल अशा डोंगराकडच्या तालुक्यांत पोचली. तिथल्या सिस्टर फोटो पाठवायच्या: कुडाच्या भिंतीपुढे उभी आई, हातात निळ्या काठाचं दुपटं. मुळीक सरांनी ते फोटो जिन्यात लावले. शलाका जाता-येता बघायची. तिला झोप लागू लागली होती. मिहूचं जुनं दुपटं तिने धुऊन, डबी काढून, कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं.

थंडी सुरू झाली आणि बातमी आली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर दुपट्यातलं बाळ गेलं.

चौकशी मुळीक सरांनी स्वतः केली. बाळाची आई वनिता भोये दुपारी विहिरीवर गेली होती. घरातला एकुलता एक फोन नवऱ्याकडे, आणि नवरा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे. बाळाचा श्वास थांबला. डबीने फोनला हाका मारल्या. फोन जवळपास नव्हताच. मग डबीने स्वतःची बारीक शिट्टी वाजवली. रिकाम्या घरात ती वाजत राहिली. तंतूच्या जाळ्यावर हा सगळा प्रवास गाठीगाठीने उजळून दाखवता येत होता, आणि कुठंही धागा तुटलेला नव्हता. अहवालाच्या शेवटी वाक्य होतं: 'यंत्र अपेक्षेप्रमाणे चालले. घटनेवेळी माता अनुपस्थित.'

"वाईट झालं," सर म्हणाले. "पण आपल्याकडून काही नाही."

शलाकाला ते शेवटचे दोन शब्द वाचवेनात. माता अनुपस्थित. तिने त्या भागातल्या चौधरी सिस्टरना फोन लावला. आईची विचारपूस करावी, एवढंच मनात होतं.

"आहे बिचारी," सिस्टर म्हणाल्या. "सासू बोलते, पाडा बोलतो. सोडून गेलीच कशी, म्हणतात. पाणी काय चालत येतं का घरी? तिचा नवरा तर कागद घेऊन आला होता तुमचा. माता अनुपस्थित म्हणजे काय, विचारत होता." मग त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? नव्या दुपट्यात ते थोपटायचं लावलं तरी चालत नाही का?"

शलाकाने विचारलं, "काय लावलं तरी?"

"थोपटायचं. आम्ही दुपटं देताना आमच्या टॅबवरून डबीत भरतो ना, कुणाला काय करायचं ते. ट्रायलला जुनी दुपटी दिली होती तुम्ही, तेव्हापासून. पाड्यावरच्या पोरांना आम्ही तेच लावतो. फोन कुठं असतो सगळ्यांकडे? जवळ फोन नसला की थोपट. हिच्या बाळालाही लावलं होतं. टॅबच्या यादीत येतंय अजून, म्हणून विचारलं."

*

ऑफिसच्या प्रयोगशाळेत बबड्या होता. बबड्या म्हणजे रबरी बाहुला; पंपाने त्याची छाती वरखाली व्हायची. गळ्यात त्याला कुणीतरी कंपनीचं ओळखपत्र घातलं होतं. शलाका भर दुपारी घरी गेली, कपाटातलं मिहूचं जुनं दुपटं काढलं, डबी जोडली, आणि तशीच परत आली.

आधी तिने बबड्याला नवं दुपटं गुंडाळलं. चौधरी सिस्टरनी सांगितलं तसं डबीत भरलं. मग नेहमी टेबलावर पडलेला तपासणीचा फोन उचलून बंद केला. आजवर कुठल्याही चाचणीत तो कुणी बंद केलेला नव्हता. तिने पंप थांबवला.

छाती थांबली. डबीचा दिवा लुकलुकला. बारीक शिट्टी. दुसरं काहीच नाही.

मग जुनं दुपटं. त्याच्या डबीत थोपटचं नाव आधीपासूनच भरलेलं निघालं. पंप चालू, श्वास चालू. फोन बंद. पंप बंद.

छाती थांबली. शलाका बघत राहिली. आणि बबड्याच्या पाठीमागचं कापड हललं. दोनदा सावकाश, मग जरा थांबून एकदा.

ती तिथंच स्टुलावर बसली.

आता सगळं साधं होतं. टाइपस्क्रिप्टची शिस्त अशी की प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगून ठेवायचा: हा आकडा, हे नाव, हे फंक्शन. पण एक पळवाटही असते. एखाद्या जागी लिहायचं, 'इथे काहीही येऊ शकतं', की तपासणारं यंत्र तिथे गप्प बसतं. वासंतीताईंनी एका जागी ते केलं होतं. सिस्टरने डबीत जे नाव भरलं असेल ते घ्यायचं आणि त्या नावाचं फंक्शन चालवायचं. नाव बाहेरून येणार, बाळागणिक वेगळं. तेव्हा ते कोडमध्ये कुठून असेल? तंतू त्या 'काहीही'पाशी यायचा, आणि पुढे धागा न सापडून मागे फिरायचा. आणि नाव सापडलंच नाही तर डबी बंद पडू नये म्हणून ताईंनी पुढे लिहिलं होतं: गप्प राहा, पुढचं काम करा. म्हणून नवं दुपटं तक्रारही न करता गप्प राहिलं. नोंदींचंही तेच. डबी आपल्या नोंदी फोनमार्फत पाठवायची, आणि थोपट चालायची फोन नसतानाच.

घरात कोणी नसलं की. बाहेरून येतं. नाव येतं. फाइल नाहीये ती.

सगळं सांगितलं होतं त्यांनी.

बबड्याचा श्वास परत येणार नव्हता. त्याचा पंप शलाकाच्या हातात होता. पण दुपट्याला ते माहीत नव्हतं. ते थोपटत राहिलं. प्रथमेश काहीतरी विनोद करायला दारातून आत आला आणि तिथेच थांबला. तिच्या मनात आलं, हे मिहूच्या पाठीवरही चाललं असेल का? कधी फोन बंद पडलेला असताना ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली असेल तेव्हा? आपण राखली म्हणून लेक जगली, अशी तिची समजूत होती.

तिला डबी बंद करवेना. शेवटी प्रथमेशनेच पुढे होऊन पंप चालू केला. छाती हलली. दुपटं थांबलं.

*

थोपट परत घालायला एक दुपार पुरली. नवा कोड सगळ्या दुपट्यांत पोचवायला आठवडा लागला. त्या आठवड्यात शलाका घरी जेवली किती आणि झोपली किती, ते निनादलाच ठाऊक. तो एकदा म्हणाला, "मीच म्हटलं होतं, समोर दिसतंय त्यावर विश्वास ठेव." ती म्हणाली, "म्हटलंस तू. पण केलं मी." मग दोघं मिहूच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले.

मुळीक सर वाईट माणूस नव्हते. अहवाल बदलायचा म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "दुपटी परत मागवतील, शलाका. सगळी. डोंगरातल्या बाळांकडे मग काहीच राहणार नाही. दुरुस्त केलंय ना आपण? बाळ तर आता..."

"बाळ गेलं, सर. त्याची आई आहे ना. गावभर तिच्यामुळे गेलं म्हणतायत, आणि आपण ते छापून दिलंय."

"तुझं नाव येईल. होकार तुझा होता."

"माझाच होता."

सरांनी जुना अहवाल तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिही. खाली माझीही सही घे. काम तुला मी दिलं होतं."

वनिताच्या पाड्यावर जाण्याआधी ती वासंतीताईंकडे गेली. या वेळी त्यांनी तिला ओळखल्यासारखंही केलं नाही. शलाकाने काहीच विचारलं नाही. नुसती शेजारी बसली. ताईच म्हणाल्या, "आहे ना ती?"

"आहे, ताई."

"मग बरं," म्हणून ताईंनी समोरची बाटली उचलून नीट ओळीत ठेवली. मधले महिने त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांच्यापुरती थोपट कधी गेलीच नव्हती.

*

पाड्यापर्यंत गाडी जात नाही. चौधरी सिस्टर वाट दाखवत पुढे, मागे शलाका. नागलीची कापणी होऊन गेलेली, शेतं उघडी. वनिता भोये अंगणात उभी होती. शलाकाला वाटलं होतं मोठी बाई असेल. ही कॉलेजात जाणाऱ्या मुलीएवढी होती. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, स्वच्छ मराठी बोलणारी. सासू आतून दारात येऊन बसली.

वनिता घरात गेली आणि दुपटं घेऊन आली. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, चौकोनी घडी घातलेलं. वर डबी.

"न्यायला आलात ना? मी धुतलं," ती म्हणाली. "धुवायचं नसतं का? तसं कसं परत द्यायचं, वापरलेलं."

शलाकाने ते दोन्ही हातांनी घेतलं. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"वनिता, यात एक गोष्ट होती," ती म्हणाली. "सिस्टरनी ती लावलीही होती. जवळ कोणी नसताना चालायची. तुला दिलेल्या दुपट्यातून ती मी काढली होती. लागत नाही असं वाटलं मला. चुकलं माझं. तू पाण्याला गेलीस म्हणून नाही झालं हे. पाण्याला जावंच लागतं. तुम्ही पाण्याला जाल हे धरूनच ती केलेली होती. मी काढली." मग ती दारातल्या सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "कागदावर लिहिलंय ते खोटं आहे. नवा कागद आणलाय. त्यात माझं नाव आहे."

सासूने पदर तोंडाशी नेला. सिस्टर कुडाला टेकून खाली बसल्या.

वनिता शलाकाकडे बघत होती. ती रागावेल, हाकलून देईल, रडेल, या सगळ्याची तयारी शलाकाने केली होती. ती नुसती बघत होती. मग म्हणाली, "काय करायची ती?"

"अं?"

"ती गोष्ट. काय करायची ती?"

शलाकाने घडी घातलेलं दुपटं डाव्या हातावर घेतलं. उजवा हात त्यावर ठेवला. दोनदा सावकाश, मग जरा थांबून एकदा.

वनिताने ते पाहिलं. पुढे होऊन तिने शलाकाचा हात बाजूला केला आणि स्वतःचा तिथे ठेवला. तिची लय वेगळी होती. जरा जलद, न थांबता, एकसारखी.

"तो असा झोपायचा," ती म्हणाली.

आणि दुपट्याची घडी थोपटत ती तिथेच उभी राहिली. शलाकाने दुपट्याखालचा आपला हात हलू दिला नाही.